‘प्रभूचे भाऊ’ : नात्याच्या शब्दांचा एक प्रश्न

येशू ख्रिस्ताच्या कुटुंबाविषयीचा वाद सोळाशे वर्षांहून अधिक काळ मुख्यतः एका शब्दाभोवती फिरत आला आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक येशूला ‘मरीयेचा मुलगा’ म्हणून ओळखतात आणि याकोब, योसे, यहूदा व शिमोन ह्या चार भावांची नावे घेतात. बहिणींचाही उल्लेख करतात, परंतु त्यांची नावे देत नाहीत. मूळ ग्रीक शब्द आहे ‘आदेल्फोस’. हे भाऊ सख्खे, सावत्र की चुलत-मावस, असा हा प्रश्न आहे. मरीयेचे कौमार्य आजन्म अखंड राहिले की नाही, हा धर्मसिद्धान्त त्याच्या उत्तरावर अवलंबून असल्याने वादाला केवळ कोशगत स्वरूप कधीच राहिले नाही.

चौथ्या शतकात तीन पक्ष स्पष्ट झाले. हेल्विदियुसाने हे भाऊ योसेफ व मरीया ह्यांचीच पुढील अपत्ये मानली. त्याच्या खंडनार्थ इ. स. ३८३ च्या सुमारास जेरोमने पुस्तिका लिहून ते मावसभाऊ ठरविले. एपिफानियुसाने ते योसेफाच्या पहिल्या विवाहाची संतती म्हणून सांगितले. ह्या मताचे मूळ दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ ह्या ग्रंथात आहे. १८६५ साली लाइटफूटने गलतीकरांस पत्राच्या भाष्यात तिन्ही मतांची जी मांडणी केली, तीच आजही आधारभूत समजली जाते. त्याचा स्वतःचा कल एपिफानियुसाकडे होता. प्रॉटेस्टंट म्हटला की तो हेल्विदियुसाचा, हा समज मात्र ढोबळ आहे. खुद्द लूथरने मरीयेचे नित्यकौमार्य मान्य केले होते.

मराठीत ही चर्चा दोन वाटांनी आली. थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याचा कर्ता जेझुइट असल्यामुळे त्याच्यापुरता हा प्रश्न आधीच मिटलेला होता. दुसरी वाट बायबलच्या भाषांतरांची. विल्यम केरीने सेरामपूरहून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आणले. पुढे अमेरिकन मिशनऱ्यांनी हे कार्य वाढविले. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर ह्यांनी १८५२ साली मिशनची स्थापना केली, ती ह्याच परंपरेतील. मराठी बायबलने ‘आदेल्फोस’साठी ‘भाऊ’ हा शब्द योजिला. भाषांतरकारांसमोर सख्खा, सावत्र, चुलत, मामे, आते, मावस अशी विशेषणांची रांगच उभी होती. त्यांनी एकही विशेषण न लावता मूळचा प्रश्न मराठी वाचकाच्या हाती जसाच्या तसा ठेवला, ही त्यांची मोठी सावधगिरी म्हटली पाहिजे.

परंतु ‘भाऊ’ हा शब्द मराठीत ज्या रीतीने वावरतो, ती रीत ह्या वादात साक्षीला कोणी क्वचितच बोलाविली आहे. जेरोमच्या अनुयायांचा आधार असा की, हिब्रू व अरामी भाषांत चुलतभावासाठी स्वतंत्र रूढ शब्द नव्हता, म्हणून ‘भाऊ’ हाच शब्द सर्वांना लागे व तोच ग्रीकमध्ये उतरला. प्रतिपक्ष उत्तर देतो की, ग्रीकमध्ये ‘अनेप्सिओस’ हा शब्द होता. कलस्सैकरांस पत्रात मार्काचे बर्णबाशी नाते सांगताना तोच वापरला आहे. तेव्हा जेथे ‘आदेल्फोस’ म्हटले तेथे भाऊच समजावा. जॉन माइर ह्या कॅथलिक धर्मगुरूने १९९१ साली येशूच्या चरित्रसंशोधनाच्या पहिल्या खंडात भाषिक पुराव्यावरून सख्ख्या भावांच्याच पक्षाला कौल दिला, तो बव्हंशी अशाच युक्तिवादाने.

मराठी व्यवहार पाहता दोन्ही युक्तिवाद जेवढे दाखविले जातात तेवढे बळकट नाहीत. मराठीत चुलतभाऊ व मावसभाऊ हे शब्द नेहमीचे असूनही माणूस चारचौघांत ‘हा माझा भाऊ’ एवढेच म्हणतो. नेमका शब्द भाषेत आहे एवढ्यावरून तो प्रत्येक वेळी वापरला जाईलच असे होत नाही. म्हणजे जेरोमला शब्ददारिद्र्याची सबब आवश्यक नव्हती, आणि केवळ ‘अनेप्सिओस’ उपलब्ध होता एवढ्याने त्याचे खंडनही होत नाही. निर्णायक ठरते ते एकाच लेखकाने एकाच प्रकरणात केलेला भेद. दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पुसाचे उतारे युसेबियुसाने राखून ठेवले आहेत. त्यांत याकोबाला प्रभूचा भाऊ म्हटले आहे, तर त्याच्यामागून यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झालेला क्लोपाचा मुलगा शिमोन हा ‘अनेप्सिओस’ म्हणून सांगितला आहे. जो मनुष्य कारभारी निवडीच्या हकिकतीत चुलतभाऊ वेगळा नोंदवितो, त्याचा ‘भाऊ’ सैल अर्थाने घेणे अवघड आहे. जेरोमचा पक्ष येथे खरोखर लंगडा पडतो.

परंतु ह्यावरून हेल्विदियुस जिंकला असे समजणे घाईचे होईल. सावत्रभावालाही लोक भाऊच म्हणतात. ‘सावत्र’ हे विशेषण बहुधा वाटणीच्या वा वैराच्या प्रसंगी बाहेर येते. एपिफानियुसाचे मत भाषेच्या बळावर खोडता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरून येशू आपली आई शिष्याच्या स्वाधीन करतो. तिचे स्वतःचे मुलगे असते तर असे का घडले, ही शंका मराठी वाचकाला विशेष बोचण्यासारखी आहे. तिला त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात अर्धे उत्तर मिळते, कारण भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता असे तेथे म्हटले आहे. ‘येशूचा भाऊ याकोब’ असा अरामी लेख असलेली अस्थिपेटी २००२ साली गाजली. तिच्या मालकाची बनावटीच्या आरोपातून २०१२ साली सुटका झाली, तरी लेखाचा खरेपणा त्यामुळे सिद्ध झाला नाही, आणि झाला असता तरी सख्ख्या-सावत्राचा निकाल त्यातून लागला नसता.

योसेफाच्या बाजूने पाहता प्रश्न निराळा आहे. मत्तय योसेफाच्या बापाचे नाव याकोब देतो, लूक एली. आफ्रिकानुसाने ह्याचा उलगडा मृत भावाच्या विधवेशी विवाहाच्या यहुदी रीतीने केला, तर ऑगस्टीनने दत्तकाची शक्यता सुचविली. पाश्चात्त्य टीकाकारांना ही सुचविणी ओढाताणीची वाटते. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले हे ज्या नगरीला ठाऊक आहे, तेथे एका पुरुषाला दोन बाप आणि वंश मात्र दत्तक घराण्याचा, ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. येशू दाविदाचा वंशज ठरतो तोही योसेफाने त्याला आपले म्हटल्यामुळेच. ऑगस्टीनची सूचना ऐतिहासिक दृष्ट्या सिद्ध नाही. तिला हास्यास्पद मात्र म्हणता येत नाही.

मराठीतच ह्या कुळाची एक सर्वस्वी वेगळी कथा रचली गेली आहे. गणेश दामोदर सावरकर ह्यांच्या ‘ख्रिस्तपरिचय’ ह्या ग्रंथात येशूचे कुळ तमिळ ब्राह्मणांचे ठरविले असून २०१६ साली तो ग्रंथ पुन्हा प्रकाशित झाला. शब्दसादृश्यावर कुळ उभारणे सोपे असते, परंतु अशा मतापुढे प्रत्यक्ष भावकीची साक्ष उभी राहते. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आपण याकोबाला यरुशलेमेत भेटल्याचे सांगितले आहे, आणि योसेफस ह्या यहुदी इतिहासकाराने इ. स. ६२ मधील त्याच्या वधाची नोंद केली आहे. पुढे आफ्रिकानुसाच्या लेखात ‘देस्पोसिनोई’, म्हणजे धन्याची भावकी, वंशावळ्या जपून नासरेथ व कोखाबा येथे नांदताना दिसते. हेगेसिप्पुसाने सांगितलेली हकिकत ह्याहून बोलकी आहे. दाविदाचे वंशज म्हणून यहूदाचे नातू सम्राट डोमिशियनपुढे उभे केले गेले. दोघांची मिळून एकोणचाळीस प्लेथ्रा जमीन असून तिची किंमत नऊ हजार दिनार आहे, आपण ती स्वतः कसतो आणि तिच्यावरच कर भरतो, असे त्यांनी सांगितले व घट्टे पडलेले हात पुढे केले. सम्राटाने त्यांना क्षुद्र लेखून सोडून दिले.