थकव्याचे खापर कोणाच्या माथी?

अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया व युरिया बनवणारा कारखाना १९८० च्या दशकात उभा राहिला. असे कारखाने रोज रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाहीत. कामगारांना पाळ्यांनी यावे लागते. रायगड किनाऱ्यावरच्या शाळांत पाळीवर जाणाऱ्यांची मुले असतात. रात्रपाळी करून आलेले वडील दुपारी का चिडतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

या थकव्याच्या अभ्यासाची एक रूढ पद्धत आहे. कामगारांकडून एकाच बैठकीत स्वभावाची, ताणाची आणि थकव्याची प्रश्नावली भरून घ्यायची व गुणांचा सहसंबंध काढायचा. भावनिक अस्थिरता जास्त तेथे थकवा जास्त, असे बहुधा आढळते. आकडेमोडीबद्दल आमची तक्रार नाही. तिच्यातून काढलेल्या अर्थाबद्दल आहे.

पहिला आक्षेप मोजपट्टीवर. हान्स व सिबिल आयझेंक यांच्या १९७५ च्या प्रसिद्ध स्वभाव-प्रश्नावलीत, विनाकारण मरगळ व थकवा जाणवतो का, अशा अर्थाचा प्रश्न अस्थिरता मोजण्यासाठीच घातला आहे. थकवा दोन्ही पारड्यांत पडला, तर सहसंबंध थोडाफार येणारच! दुसरा आक्षेप दिशेचा. चिडका माणूस लवकर थकतो, की दिवसा झोप न मिळाल्याने माणूस चिडका होतो? एकदाच केलेली पाहणी हे सांगू शकत नाही. तिसरा निवडीचा. पाळ्या ज्यांना झेपल्या नाहीत ते काम सोडून गेलेले असतात. प्रश्नावली भरतात ते टिकून राहिलेले.

स्वभावाला स्थानच नाही, असे आम्ही म्हणत नाही. परंतु रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये अमेरिका व स्वीडनमधील माहितीवरून दाखवले, की कामाचा बोजा जास्त आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा कमी, अशा ठिकाणी मानसिक ताण अधिक दिसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. अशा वेळी हा वाद केवळ पुस्तकी राहत नाही. थकवा स्वभावातून येतो असे मानले, तर माणसे पारखणे एवढाच उपाय उरतो; कामातून येतो असे मानले, तर पाळीचे तास तपासावे लागतात.

दोन गोष्टी सोबत आढळल्या, तर त्याची कारणे किती प्रकारची असू शकतील? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.