अंधारातील निवेदन : ‘प्लॅनेटेरियन’ या दृश्य-कादंबरीची बलस्थाने आणि मर्यादा

संगणकाच्या पडद्यावर वाचावयाची जपानी दृश्य-कादंबरी हा प्रकार तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत अद्याप पुरेसा आलेला नाही. स्थिरचित्र, त्यावर क्रमाने उमटणारा मजकूर, ध्वनिमुद्रित आवाज आणि संगीत यांच्या संयोगातून ही संहिता सिद्ध होते. तिला खेळ मानावे की साहित्य, या प्रश्नापाशीच चर्चा बहुधा थांबते. ‘की’ या जपानी निर्मितीसंस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेली ‘प्लॅनेटेरियन : चिइसाना होशी नो युमे’ ही छोटी कृती मात्र हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावयास लावते. या प्रकारात सामान्यतः वाचकासमोर पर्याय येतात आणि त्याच्या निवडीनुसार कथानकाला फाटे फुटतात. येथे तसा एकही पर्याय नाही. वाचकाने पुढचे वाक्य मागावे, एवढेच त्याच्या हाती आहे. ही उणीव आहे की आशयाची गरज, याच्या उत्तरावर या कृतीचे मूल्यमापन अवलंबून आहे.

युइची सुझुमोतो यांनी लिहिलेले कथानक अत्यल्प आहे. महायुद्धाने मानवी संस्कृतीचा विध्वंस होऊन सुमारे तीस वर्षे लोटली आहेत. पाऊस थांबत नाही, तारे दिसत नाहीत. ओसाड पडलेल्या, निषिद्ध नगरात एक भंगारवेचा शिरतो आणि मारेकरी यंत्रांपासून जीव वाचवीत एका बहुमजली दुकानाच्या गच्चीवरील तारांगणात पोहोचतो. तेथे होशिनो युमेमी ही यंत्रकन्या त्याचे ग्राहक म्हणून स्वागत करते. साठविलेल्या विजेवर ती वर्षातून जेमतेम आठवडाभर जागी राहते आणि निघून गेलेले सहकारी व प्रेक्षक परततील, अशी वाट पाहते. भंगारवेचा बंद पडलेला प्रक्षेपक दुरुस्त करतो, खेळ पाहतो, तिला नगराबाहेर नेऊ पाहतो. आणि वाटेत एका युद्धयंत्राच्या माऱ्यात ती उद्ध्वस्त होते.

कृतीचे पहिले बलस्थान या प्रतीक्षेच्या रचनेत आहे. भरताने नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना करुणाला निरपेक्षभाव आणि विप्रलंभाला सापेक्षभाव म्हटले आहे : एकात पुनर्भेटीची आशा संपलेली असते, दुसऱ्यात ती टिकून असते. येथे शृंगार नाही. तरीही हा भेद उपयोगी पडतो. युमेमीच्या बाजूने सारा प्रसंग सापेक्ष आहे, कारण तिच्या लेखी सहकारी परतणारच आहेत. भंगारवेचा आणि वाचक यांच्या बाजूने तो निरपेक्ष आहे, कारण परतणारे कोणी उरलेले नाही, हे त्यांना ठाऊक आहे. एकाच संवादात हे दोन्ही भाव शेजारी नांदतात. तिची अखंड बडबड आरंभी विनोदी व काहीशी त्रासदायक वाटते आणि हळूहळू असह्य होत जाते. तिच्या भाषेत काहीच बदललेले नसते. बदलतो तो ऐकणारा.

दुसरे बलस्थान भाषेच्या स्तरभेदात आहे. युमेमी जपानी सेवाव्यवसायातील अतिआदरार्थी भाषा बोलते. भंगारवेच्याची भाषा तुटक आणि रांगडी आहे. त्याला नाव नाही. मूळ जपानीत त्याला ‘कुझुया’ म्हटले आहे. हा शब्द मराठीतील ‘भंगारवाला’ या शब्दासारखाच रोजच्या रस्त्यावरचा आहे. ज्या माणसाला जगाने भंगाराच्या पातळीवर आणले, त्याला ती अखेरपर्यंत ‘ग्राहकमहोदय’ म्हणूनच संबोधते. हरवलेल्या संस्कृतीचे वर्णन करण्याऐवजी तिचे शिष्टाचार जिवंत ठेवण्याची ही युक्ती प्रभावी आहे. इंग्रजी भाषांतरात आदरार्थाची ही उतरंड बरीचशी सपाट होते. मराठीत ‘आपण’ आणि ‘तू’ यांच्या अंतरातून तिचा काही अंश राखता येईल.

मात्र कृतीची खरी सिद्धी मधल्या प्रसंगात आहे. दुरुस्त झालेला प्रक्षेपक घुमटावर तारे उमटवतो आणि खेळ रंगात आलेला असतानाच वीज जाते. भंगारवेच्याच्या विनंतीवरून युमेमी केवळ शब्दांनी खेळ पुढे नेते. चित्र हरपलेले, आवाज आणि अक्षरे तेवढी उरलेली. दृश्य-कादंबरी या प्रसंगी आपले ‘दृश्य’ हे विशेषण स्वेच्छेने टाकून देते. अंधारात बसून पुढच्या वाक्याची वाट पाहणारा भंगारवेचा आणि पडद्यासमोरचा वाचक यांची स्थिती एक होते. प्रेक्षकाला तारांगणात निवड नसते. मान वर करून ऐकणे एवढेच त्याचे काम. पर्यायांचा अभाव ही त्रुटी नसून श्रवणाची शिस्त आहे, हे येथे पटते. म्हणूनच २०१६ साली निघालेल्या पाच भागांच्या चलच्चित्ररूपात हा प्रसंग नेटका असूनही वेगळा ठरतो : तेथे काळाची गती प्रेक्षकाच्या हाती राहत नाही.

ज्या श्रोत्याची घडण कृतीने इतक्या संयमाने केली, त्याच्यावरचा तिचा विश्वास उत्तरार्धात डळमळतो. नगराबाहेर पडण्याच्या वाटेवर कथनाचा सूर पालटतो. शस्त्रे, दारूगोळा, माऱ्याचे अंतर यांचे तपशील वाढतात आणि तोवर ऐकणारा नायक साहसकथेचा नायक होतो. युद्धयंत्राची गाठ कथानकाला हवी आहे, हे मान्य केले तरी तिचा विस्तार प्रमाणाबाहेर वाटतो. पुढे मृत्यूच्या प्रसंगात संगीत, स्मृतिचित्रे आणि विलंबित निरोप यांचा एकत्रित मारा होतो. शोकाचा रस होण्यासाठी वाचकाला जे अंतर लागते, तेच नाहीसे होते. अंधारातल्या खेळात जे कमी साधनांनी साधले, ते येथे अधिक साधनांनीही तितके साधत नाही.

दुसरी मर्यादा वैचारिक आहे. युमेमी नकार देत नाही, रागावत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही. निष्पाप, आज्ञाधारक, सदैव हसतमुख स्त्रीरूपाची ही कल्पना कृती तपासून पाहत नाही. उलट तिच्या नाशातून तिला पावित्र्य देते. युद्धाची कारणेही धूसर राहतात. विध्वंस जणू हवामानासारखा येतो, त्याला कर्ता नसतो. इतिहास वगळला की करुणा सोपी होते, हा धोका येथे टळलेला नाही.

तथापि या मर्यादेला कृतीतच एक अपवाद आहे. अखेरच्या क्षणी युमेमी प्रार्थना करते : माणसांचा स्वर्ग वेगळा आणि यंत्रांचा वेगळा, अशी वाटणी होऊ नये. तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकमेव गोष्ट. ती तारांगणातील प्रक्षेपकाला प्रेमाने ‘येना’ या नावाने हाक मारते, हे या संदर्भात लक्षणीय आहे. हे नाव कार्ल झाइसच्या जर्मन कारखान्याच्या नगराचे आहे. १९२३ साली आधुनिक तारांगण-प्रक्षेपक घडला तो याच उद्योगात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेस येना व पश्चिमेस ओबरकोखेन अशी त्याची शकले झाली. पूर्व जर्मनीतील लेखिका ख्रिस्ता वोल्फ यांची १९६३ सालची कादंबरी ‘विभागलेले आकाश’ या अर्थाच्या नावाची आहे आणि तिच्यात देशाची फाळणी दोन प्रेमिकांना तोडते. दोन्ही कृतींत प्रभावसंबंध असल्याचा पुरावा नाही. पण वोल्फ यांच्या शीर्षकातील ‘हिमेल’ या जर्मन शब्दात आकाश आणि स्वर्ग दोन्ही सामावतात, तर युमेमीच्या तोंडचा ‘तेन्गोकु’ हा जपानी शब्द केवळ स्वर्गाचा आहे. वोल्फ यांच्याकडे आकाश विभागणाऱ्या सत्तांना नावे आहेत. युमेमीच्या प्रार्थनेत वाटणी कोणी केली, हे विचारलेच जात नाही. जपानी कृतीची भावनिक उंची आणि तिची ऐतिहासिक उणीव या तुलनेत एकाच वेळी दिसते.

या मरणासन्न श्रोतीसाठी भंगारवेचा एक असत्य रचतो : नव्या, मोठ्या तारांगणात तिची नेमणूक झाल्याचे तो सांगतो. आयुष्यभर सांगणारी आता ऐकते आणि ऐकणारा निवेदक होतो. गोळीबाराच्या गदारोळानंतर कृती अशा रीतीने पुन्हा आपल्या मूळ सूत्राशी येते. तिचा शेवट अश्रूंसाठी जितका स्मरणात राहतो, त्याहून अधिक तो या अदलाबदलीसाठी राहावयास हवा. साहित्य म्हणून या प्रकाराचा विचार करावयाचा तर निकष वाचकाच्या हाती किती पर्याय दिले हा नसून, त्याला किती सजग श्रोता केले हा असावा. त्या निकषावर ‘प्लॅनेटेरियन’ अंधारात उत्तीर्ण होते आणि लखलखाटात अडखळते.