नोकर की नागरिक?

सरकारी नोकराने कार्यालयातला गैरप्रकार सांगितला आणि त्यापायी त्याला काढलं, तर कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून बघू.

पहिला १९६८ चा. इलिनॉयमधल्या पिकरिंग या शिक्षकाने स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून शाळा मंडळाच्या पैशाच्या कारभारावर टीका केली. मंडळाने त्याला काढून टाकलं. पत्रातली काही विधानं चुकीची होती, तरी न्यायालयाने त्याची बाजू घेतली. शिक्षक झाला म्हणून नागरिकाचा हक्क संपत नाही.

दुसरा २००६ चा, गार्सेटी विरुद्ध सेबालोस. लॉस एंजेलिसमधले सरकारी वकील सेबालोस यांना झडतीच्या वॉरंटसाठी दिलेल्या प्रतिज्ञापत्रात गंभीर चुका दिसल्या. त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहिलं, खटला मागे घ्या म्हणून सुचवलं. पुढे आपली बदली झाली, बढती नाकारली, हा सूडच, असा त्यांचा दावा. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने घटनात्मक संरक्षण नाकारलं. कारण? ते नागरिक म्हणून बोलले नाहीत, कामाचा भाग म्हणून बोलले!

म्हणजे बघा, थेट वर्तमानपत्रात गेलेला वाचला आणि रीतसर साहेबांकडे गेलेला उघड्यावर पडला.

ही विभागणी नवी नाही. कांटने १७८४ च्या प्रबोधनावरच्या निबंधात तीच केली आहे. पदावर असताना आज्ञा पाळा. विद्वान म्हणून वाचकांसमोर मात्र मोकळेपणाने बोला. कर अन्याय्य आहे की नाही, अशा मतांच्या बाबतीत हे चालतं. मत संध्याकाळी घरी बसूनही मांडता येतं. पण प्रतिज्ञापत्र खोटं आहे, ही वस्तुस्थिती त्या खुर्चीत बसलेल्यालाच कळते. खुर्ची काढून घेतली, तर सांगायला उरतं काय? माझ्या मते निकालाची चूक नेमकी इथे आहे.

न्यायालयाची अडचण खोटी नव्हती. प्रत्येक टिपणावरून खटले उभे राहिले, तर कार्यालय चालायचं कसं? आणि संरक्षणासाठी वेगळे कायदे आहेतच, असंही ते म्हणालं. पण संघराज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या ओघात दिलेल्या माहितीलाही संरक्षण आहे, हे अमेरिकी संसदेला २०१२ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं.

आपल्याकडे काय? २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा. त्यात एक तरतूद फार चांगली आहे: केलेली कारवाई सूडाची नव्हती, हे कार्यालयानेच सिद्ध करायचं. मात्र निनावी तक्रार चालत नाही. म्हणजे माणसाने नाव देऊन पुढे यायचं. आणि ज्या कायद्याच्या भरवशावर यायचं, तो लागू करणारी अधिसूचना दहा वर्षं उलटली तरी निघाली नाही! राष्ट्रपतींची सही झालेला कायदा नुसता कागदावर आहे.

तेव्हा ‘तू कोण म्हणून बोललास?’ हा प्रश्नच बाजूला ठेवायला हवा. विचारायचं ते एवढंच: सांगितलेलं लोकांच्या हिताचं होतं का, प्रामाणिकपणे सांगितलं होतं का, आणि सांगितल्यामुळेच नोकरी गेली का? पगार सरकार देतं हे खरं, पण पैसा लोकांचा असतो. मग लोकांच्या वतीने बोललेला माणूस नोकरही असतो आणि नागरिकही.