बघायचं कुठं?

हल्लीच्या सिनेमात सगळं दिसतं. ढग दिसतात, दरी दिसते, दरीतून वर येणारा राक्षस दिसतो, आणि राक्षसाच्या नाकातले केस मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसतात. दिसत नाही ते एवढंच, की नायकालाही हा राक्षस दिसतो आहे! तो बिचारा डोळे विस्फारून राक्षसाच्या डाव्या कानापलीकडे बघत असतो, फलाटावर उभं राहून लोकल येते का बघावं तसा.

दोष त्याचा नव्हे. त्याच्यासमोर राक्षस नसतोच. असतो तो पोपटी रंगाचा भलाथोरला पडदा, आणि त्यावर चिकटपट्टीची फुली. फुलीला घाबरायचं म्हणजे काय थट्टा आहे? आम्ही गणिताच्या वहीतल्या फुल्यांना घाबरत असू, पण त्यामागे मास्तर उभे असायचे.

माझा भाचा गोरेगावला एका कचेरीत बसून दिवसभर सिनेमातल्या माणसांच्या कडा कापतो. पडद्याची मेख मला त्यानंच सांगितली. माणसाच्या कातडीत हिरवा रंग फारसा नसतो. म्हणून यंत्राला ‘हिरवं तेवढं पुसून टाक’ म्हटलं की माणूस शिल्लक राहतो आणि त्याच्यामागे हिमालय, लंका, काय हवं ते लावता येतं. फिल्मच्या जमान्यात हा पडदा निळा असे. 1940 सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ला अशाच निळ्या युक्तीवर ऑस्कर मिळालं होतं. डिजिटल कॅमेऱ्यात हिरवा टिपणारे ठिपके तांबड्या किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्याचं राज्य आलं. त्या पडद्यापुढे हिरवा शालू नेसून गेलात, तर मुंडकं आणि हात तेवढे हवेत तरंगतील. आमच्या वन्संनी ही माहिती फार गंभीरपणे ऐकून घेतली.

आता पाठीमागे पडदा लावण्याबद्दल माझी तक्रार नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे ताजमहालाचा पडदा असायचाच. नवरा-बायको त्यापुढे अवघडून उभी राहत आणि काळ्या फडक्यातून मुंडी बाहेर काढून तो ओरडे, “इकडं बघा!” बघायला निदान फोटोवाला तरी होता.

‘द हॉबिट’च्या पहिल्या भागात (2012) तेवढंही नव्हतं. इयन मॅककेलन हा रंगभूमीवर हयात घालवलेला नट. त्याचा गॅन्डाल्फ उंच आणि बुटके बुटके दिसायला हवेत, म्हणून त्याला वेगळ्या हिरव्या खोलीत एकट्याला उभं केलं. तेरा बुटक्यांच्या जागी दांड्यांवर लावलेले तेरा फोटो. ज्याचं बोलणं चालू, त्याच्या फोटोपाशी दिवा लागे. सत्तरी ओलांडलेला तो माणूस तिथं चक्क रडला. ते वाचल्यापासून त्या सिनेमातलं एकही गवत मला खरं वाटेना.

याच्याशेजारी ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (1936) ठेवा. शेवटचं ते वैकुंठाला जाणं आजचं शेंबडं पोरही ‘ट्रिक आहे’ म्हणून सांगेल. पण खाली उरलेल्या आवलीकडे, म्हणजे गौरीबाईंकडे बघा. सबंध चित्रपटभर या बाईनं त्या नवऱ्याशी एका अंगणात भांडण केलेलं आहे. विष्णुपंत पागनीस तिच्यासमोर हाडामांसाचे उभे होते. त्यामुळे काय चाललंय हे तिला कळतं, आणि वर गरुड आहे की पुठ्ठा, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

भाचा म्हणाला, “मामा, मग ‘लाइफ ऑफ पाय’ काय वाईट होता?”

मुळीच नव्हता. त्यातला वाघ बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरचाच, आणि सूरज शर्मा हा पोरगा तर आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभा राहिलेला. पण त्याला तैवानमध्ये लाटा उसळणाऱ्या खऱ्याखुऱ्या हौदात, खऱ्या होडीत बसवलं होतं. होडी हलली की पोरगा हलतो. नजर आपोआप वाघावर जाते. पाठीमागचं आभाळ खुशाल कुणाचंही आणा, पण समोरून सगळंच काढून घेतलंत तर नटानं काय करावं?

या वाघाला 2013 साली ऑस्कर मिळालं. तो घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ कंपनीनं त्याच महिन्यात दिवाळं जाहीर केलं होतं. बक्षीस घेताना त्यांचा माणूस कंपनीच्या अडचणीविषयी बोलायला लागला, तशी वाद्यवृंदानं ‘जॉज’मधलं शार्कचं संगीत सुरू केलं आणि त्याचा माइक बंद झाला. कंपनीच्या कचेऱ्या मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. भाचा तेव्हा कॉलेजात होता. सिनेमा संपल्यावर नावं सरकू लागली की हा अजून खुर्चीतून उठत नाही. बायको दारापाशी पिशवी घेऊन ताटकळते, झाडूवाला रांगेत शिरतो, आणि हा बोट दाखवत म्हणतो, “मामा, तो बघा, आमच्यातला!” मी बघेपर्यंत नाव वर निघून गेलेलं असतं.