‘प्रपंच’ शब्दाचा अर्थसंकोच

मराठी संतांना ऐहिक जीवनाविषयी आस्था होती की अनास्था, हा आपल्या समीक्षेतील जुना वाद होय. न्या. रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाची पूर्वतयारी करण्याचे श्रेय संतांना दिले. राजवाडे यांनी वारकरी संतांवर निवृत्तिपरतेचा ठपका ठेवून ते श्रेय रामदासांकडे वळविले. गं. बा. सरदार यांच्या ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथाने त्या चर्चेला सामाजिक अधिष्ठान दिले. तथापि या वादाच्या ओघात ‘प्रपंच’ या शब्दाचा अर्थ सहसा गृहीतच धरला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

संस्कृतात प्रपंच म्हणजे विस्तार, पसारा. वेदान्तात तो नामरूपात्मक विश्वाचा पसारा ठरला. मांडूक्योपनिषदात तुरीयाच्या वर्णनात ‘प्रपंचोपशम’ हे विशेषण येते, तेव्हा घरदार कोणाच्या मनात नसते. पुढे प्रत्येक भाषेने हा शब्द आपल्या वाटेने नेला. कन्नड आणि तेलुगू भाषांत तो आजही ‘जग’ याच अर्थी चालतो. हिंदीत त्याला कपटाचा, भानगडीचा वास येतो. मराठीत मात्र प्रपंच म्हणजे बायकामुले, शेतीवाडी, देणेघेणे. ‘संसार’ शब्दाचीही हीच गत. जन्ममरणाच्या फेऱ्याचा वाचक असलेला हा शब्द बंगालीतही घरापर्यंत आला आहे. आपल्याकडे तर तो थेट भांड्याकुंड्यांवर येऊन ठेपला. पुरात एखाद्याचा संसार वाहून गेला म्हणजे काय वाहून गेले, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही.

या अर्थसंकोचाने एक गोष्ट सुलभ झाली. विश्वाचा पसारा आणि ब्रह्म यांचा मेळ घालणे दुष्कर. घर आणि भक्ती यांचा मेळ घालता येतो. एकनाथांचे चरित्र महाराष्ट्राला आदर्श वाटले ते यामुळेच. दासबोधातील एक विसंगतीही येथे उलगडते. तिसऱ्या दशकात गृहस्थाच्या हालांचे विदारक वर्णन आहे, तर बाराव्याच्या आरंभी प्रपंच नीट करण्याचा उपदेश आहे. निवृत्ती आणि प्रवृत्ती यांपैकी एकच पक्ष समर्थांच्या माथी मारू पाहणाऱ्यांची येथे पंचाईत होते. वस्तुतः दोन्ही स्थळी दृष्टीसमोर एकच वस्तू आहे: जग नव्हे, घर.

परंतु घराबाहेरचे जग या शब्दातून निसटले. ‘लौकिक’ हा शब्द ते पेलू शकला असता. पण नाम म्हणून त्याचा अर्थ नावलौकिकापुरता उरला. म्हणून पुढे पाश्चात्त्य कल्पनेसाठी ‘इहवाद’ हा शब्द घडवावा लागला, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीनंतर उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आला. या नव्या शब्दांचे माप जुन्या अभंगांना लावले की संत कधी पुरोगामी ठरतात, कधी पळपुटे. दोन्ही निकाल सारखेच घाईचे.

शिवाय ज्यांना स्वतःचे घरच नव्हते, त्यांचे काय? जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळू-कांडू लागतो, याचे आपण कौतुक करतो. (पाठ्यपुस्तकांनी हे कौतुक फारच गोड केले आहे.) पण ते जाते नामदेवांच्या घरचे होते. प्रपंचाचे सारे कष्ट तिच्या वाट्याला आले, प्रपंच आला नाही. चोखोबांना घर होते, बायको-मुलगा होते आणि विठ्ठलाची भक्तीही होती. त्यांचा अंत मात्र, परंपरा सांगते त्याप्रमाणे, मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून झाला. ते काम त्यांच्या घरचे नव्हते, देवाचेही नव्हते. गावाने लादलेली ती वेठ होती. प्रपंच आणि परमार्थ या जोडीत तिला जागा नाही.