डोळ्यांसाठी छापलेली बोटांची पुस्तकं

मागच्या वर्षी साताऱ्याच्या एका लग्नाची पत्रिका घेऊन मी सांगलीला मामांकडे गेलो होतो. जाड कागद, सोनेरी उठावाची अक्षरं. मधुमेहानं मामांची दृष्टी गेली त्याला काही वर्षं झाली. पत्रिका हातात देताना मी उत्साहानं म्हणालो, "मामा, अक्षरं उठावाची आहेत, लागतात का बघा." त्यांनी बोट फिरवलं. "ही शिरोरेघ. गणपती कुठंय तेही कळतंय. बाकी सगळी वाळू आहे रे."

अंधांसाठी छापलेल्या पहिल्यावहिल्या पुस्तकांवर याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

व्हॅलेंतीन आउई यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली आणि १७८६ साली त्यांचा अंधांच्या शिक्षणावरचा निबंध उठावाच्या अक्षरांत छापून निघाला. राजाचे मुद्रक क्लुझिए यांच्या देखरेखीखाली अंध मुलांनीच तो छापला. रीत साधी होती: मोठे खिळे, त्यांवर ओला कागद, वरून दाब. अक्षर मागून पुढं फुगायचं, म्हणून पानाची एकच बाजू कामाची. दोन पानं पाठीला पाठ लावून चिकटवायची. पुस्तकं अवजड झाली यात नवल नाही. त्याच वर्षी नाताळात व्हर्सायच्या राजवाड्यात ही मुलं दरबारापुढं वाचून दाखवत होती.

हे पुस्तक नेमकं कुणासाठी होतं? विषय अंधांचा, छापणारे अंध. पण त्यातला युक्तिवाद ऐकायचा होता तो राजानं, दानशूरांनी, शिक्षकांनी. अक्षरंही त्यांच्याच ओळखीची, फ्रेंच छापखान्यातली वळणदार रोमन. पाहणाऱ्याला ते देखणं वाटतं. पण डोळा अक्षर एका झटक्यात उचलतो, बोटाला ते पायी चालून पार करावं लागतं. प्रत्येक वळण, प्रत्येक शेपूट हा त्याच्यासाठी वळसा. देवनागरीत तर विचारूच नका. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक किती बारीक, आणि वर शिरोरेघेची सलग भिंत. मामांना ती भिंत तेवढी लागली.

तरी आउईंना हसावंसं वाटत नाही. नवं छापणारा आधी जुन्याचीच नक्कल करतो. सांगलीच्या शेजारी मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ साली गीता छापवून घेतली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. मराठी मुलखातल्या छपाईची ती सुरुवातीची पावलं, आणि तीही हातानं कोरलेल्या अक्षरांवरूनच पडली.

शिवाय उठावाच्या रोमनची बाजू घेणारे सगळे अडाणी नव्हते. बॉस्टनच्या सॅम्युअल हाउ यांनी अक्षरांच्या गोलाया काढून कोनदार वळण बनवलं. त्यांचं म्हणणं असं, की अंधांची लिपी वेगळी केली तर ते घरच्यांपासूनच तुटतील. हे मला पटत नाही, पण खोडणंही सोपं नाही. विल्यम मून यांनी १८४५ साली काढलेल्या लिपीत अक्षरांचे नुसते सांगाडे ठेवले आणि ओळी आळीपाळीनं डावीकडून उजवीकडे नि उजवीकडून डावीकडे नेल्या, म्हणजे बोट उचलायला नको. मामांसारखा उतारवयात दृष्टी गेलेला माणूस ठिपक्यांपेक्षा मून लवकर शिकतो. मराठी मामांना अर्थातच त्याचा उपयोग शून्य.

आउईंच्या पुस्तकाची खरी उणीव मला दुसरीच वाटते. ते वाचता येत होतं, कष्टानं का होईना. पण त्या अक्षरांत वाचकाला स्वतःच्या हातानं सहज काही लिहिता येत नव्हतं. १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल त्याच शाळेत आला तो हीच पुस्तकं चाचपत. बार्बिए नावाच्या लष्करी माणसाची बारा ठिपक्यांची पद्धत त्यानं सहावर आणली. म्हणजे एक घर बोटाच्या टोकाखाली मावेल एवढं. पाटी आणि टोच्या घेतला की लिहिणंही आलं. गंमत अशी, की १८२९ साली ही पद्धत जगाला सांगणारं त्याचं पुस्तक छापलं गेलं ते उठावाच्या रोमन अक्षरांत! शाळेनं ठिपके अधिकृतपणे स्वीकारले १८५४ साली. ब्रेल त्याआधी दोन वर्षं वारला होता.

आपल्याकडे निरनिराळ्या ब्रेल पद्धतींचा गोंधळ १९५१ च्या भारती ब्रेलनं मिटवला. ही लिपी देवनागरीच्या रूपाकडे बघतच नाही. 'सातारा' सहा घरांत, 'सांगली'ही सहाच घरांत. 'मिरज' लिहिताना 'म' आधी आणि वेलांटी नंतर, जशी उच्चारात येते तशी. डोळ्याला ती आधी दिसते, हा डोळ्याचा प्रश्न. जोडाक्षरात मात्र हलन्ताचा ठिपका अक्षराच्या आधी येतो. पुढं जोड आहे हे बोटाला अगोदर कळावं, ही सोय मला फार आवडते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून ही वेलांटी मला छळते. टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या जुन्या मराठी फॉन्टांत वेलांटी व्यंजनाआधीच साठवली जाते, कारण ती तशी दिसते. मुळात आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, वर मराठीचा मुखवटा. युनिकोडनं वेलांटी व्यंजनानंतर ठेवली, भारती ब्रेलसारखी. तरी जुन्या फॉन्टांतल्या आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ आपण आजही बिनदिक्कत 'डिजिटल आवृत्ती' म्हणून वाटतो. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पहिलीतून इंग्रजी कचरा बडबडतं, दुसरीपुढं गप्प बसतं. पडद्यावर दोन्ही सुंदर दिसतात, व्हर्सायला दिसलं असेल तसंच.

त्या दिवशी अखेर मी पत्रिकेचा मजकूर टाइप करून मामांच्या फोनवर पाठवला. फोननं 'चि. सौ. कां.'चे तुकडे तुकडे केले, पण वाचलं. मामा मुहूर्तापर्यंत थांबले आणि फोन बंद केला. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ राहूनच गेली, त्यामुळे लग्नाला ते स्टीलचा डबा घेऊन आले.