सूक्ष्म छायाचित्रणातील प्रकाशयोजना : एक चिकित्सा

कीटक व फुले यांच्या मॅक्रो छायाचित्रणात प्रकाशयोजना ही बहुधा तांत्रिक सोय मानली जाते. वस्तुतः चित्रात काय दिसावे व काय लोपावे, हे प्रकाशच ठरवितो. प्रस्तुत टिपणात दोन छायाचित्रकारांच्या कार्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उघडा फ्लॅश भुंगेऱ्याच्या गुळगुळीत कवचावर पांढरा डाग पाडतो व त्याखालचा तपशील पुसून टाकतो. मध्ये पातळ पांढरा कागद धरल्यास प्रकाशाचा उगम विस्तारतो आणि डाग सौम्य होतो. मात्र प्रकाश सर्व बाजूंनी सारखाच आला, तर छायेबरोबर उठावही नाहीसा होतो. प्रकाशयोजना सुधारणे म्हणजे या दोन टोकांमधील तोल साधणे होय.

जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) यांनी हा तोल साध्या साधनांनी साधला. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट' या ग्रंथातील वनस्पती साध्या पार्श्वभूमीवर, मंद व विखुरलेल्या प्रकाशात टिपलेल्या आहेत. त्यामुळे आकृतिबंध ठसठशीत होतो. परंतु पानाचा ओलसर कोवळेपणा हरपून ते ओतीव धातूसारखे भासते.

ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांचे 'मायक्रोस्कल्प्चर' हे प्रदर्शन २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात भरले. त्यातील एकेक चित्र ८,००० हून अधिक छायाचित्रांच्या संयोगातून सिद्ध झाले. कीटकाच्या प्रत्येक भागासाठी स्वतंत्र प्रकाशयोजना होती. पृष्ठभागाचे असे दर्शन विरळाच. तथापि असा प्रकाश कोणत्याही कीटकावर एकाच क्षणी पडत नाही. अनेक भुंगेऱ्यांची चमक रंगद्रव्यातून नव्हे, तर कवचाच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होते व प्रकाशाच्या कोनानुसार पालटते. अशा वेळी चित्रातील रंग हा निरीक्षणाइतकाच निवडीचाही परिणाम ठरतो.

बिस यांनी आपली पद्धत जाहीरपणे विशद केली आहे; त्यामुळे दोष त्यांच्याकडे जात नाही. पद्धतीच्या नोंदीविना चित्र वर्गात पुरावा म्हणून वापरले जाते, तेव्हा मात्र विद्यार्थी निवडीलाच निसर्ग समजतो. म्हणून प्रकल्प-अहवालातील प्रत्येक छायाचित्राखाली भिंगाच्या माहितीबरोबरच प्रकाशाचा उगम, दिशा, त्याला मऊ करण्याचे साधन व एकत्र केलेल्या छायाचित्रांची संख्या नोंदविणे अगत्याचे आहे. उत्तम प्रकाश तपशील उजळतो. त्याची नोंद त्या तपशिलाला विश्वासार्हता देते.